रिकामी चौकट

सप्टेंबरच्या त्या चेकशीटवर सेन्सरच्या ओळीत तीसच्या तीस चौकटींत बरोबरच्या खुणा होत्या. एकच निळी शाई, सगळ्या खुणा एकाच बाजूला कललेल्या. त्यांतल्या एका तारखेला, अनंत चतुर्दशीला, आमचा कारखाना बंद होता. बंद असलेल्या प्रेसचा सेन्सरही त्या दिवशी कुणीतरी 'ओके' ठरवला होता. तळाशी, तपासणाऱ्याच्या रकान्यात, माझी सही होती.

सेटरनं महिनाअखेरीला एका बैठकीत खुणा केल्या. मी सात प्रेसच्या सात शीटवर दहा मिनिटांत सह्या केल्या आणि फाइल ऑडिटला लागली. ऑडिटरनं पान उलटलं, पुढं गेला. आमच्याकडं कुणाला काही झालं नाही. झालं ते आठवड्याभरानं, रस्त्यापलीकडच्या एका लहान शॉपमध्ये. विशीतल्या एका हेल्परची दोन बोटं प्रेसखाली गेली. त्या प्रेसचंही शीट पूर्ण भरलेलं होतं, असं त्याच्याच खोलीत राहणाऱ्या आमच्याकडच्या एका मुलानं सांगितलं. त्या रात्री माझी सही माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी मी मामांकडं गेले.

सणसवाडीत मामांचं घर रस्त्यापासून आत आहे, तरी पुणे-नगर रस्त्याची घरघर ओसरीवर ऐकू येते. कोरेगाव भीमाचा पूल ओलांडला की सणसवाडी, पुढं शिक्रापूर, त्यापुढं रांजणगाव. या पट्ट्यातल्या रानांत गेल्या काही दशकांत शेड उभ्या राहिल्या. ज्यांची रानं गेली त्यांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, टेम्पो घेतले, कॅन्टीनचे, भंगाराचे, माणसं पुरवण्याचे ठेके घेतले. मामांनी अठ्ठावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली, आधी भोसरीत आणि मग इथं. ऑपरेटर, सेटर, शेवटी सुपरवायझर. आता ते तीन कारखान्यांना चाळीसेक पोरं पुरवतात. मी डिप्लोमा केला तो त्यांच्या शब्दावर, पहिली नोकरी लागली तीही त्यांच्या ओळखीनं. त्यांच्याशी वाद घालणं मला सोपं नाही.

"सही केलीस म्हणून झोप गेली?" सगळं ऐकून मामा म्हणाले. "मग माझी तर अठ्ठावीस वर्षांची जायला पाहिजे."

"तुम्हीपण न बघता करायचात?"

"कितीदा तरी. आता तू मला सांग, एका प्रेसच्या शीटवर किती मुद्दे असतात?"

"बावीस."

"एका मुद्द्याला एक मिनिट धर. सात प्रेस. अडीच तास झाले. तुला रोज किती वेळ दिलाय?"

"शिफ्टच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं."

"झालं तर मग. शीट बनवणाऱ्यालाच माहीत होतं, हे व्हायचं नाही. ते खोटं छापखान्यातूनच आलेलं आहे, पोरी. तू फक्त खाली नाव घातलंस."

मी म्हणाले, "मग माझं नाव कशाला लागतं त्यांना?"

"उद्या काही झालं तर दाखवायला."

हे ते इतक्या सहज म्हणाले की मला क्षणभर पुढं बोलवेना. मामांचं म्हणणं मी इथं हलकं करून सांगणार नाही, कारण ते हलकं नाही. गाडी बनवणारी कंपनी सुटे भाग पुरवणाऱ्याकडं दरवर्षी भाव कमी करून मागते. पोलाद महाग होतं, वीज महाग होते, भाव मात्र खाली. माल वेळेत गेला नाही आणि तिकडची लाइन थांबली, तर त्या थांबलेल्या मिनिटांचे पैसे डेबिट नोट लावून कापून घेतात. मग पुरवठादार कशात वाचवणार? माणसांत वाचवतो, देखभालीत वाचवतो. कायमच्या कामगाराच्या जागी ठेक्याचा पोरगा येतो आणि तीन महिन्यांत तोही बदलतो. आठ तासांचे बारा होतात. हे सगळं वरून उतरत उतरत शेवटी एका चौकटीपाशी येतं आणि तिथं उभ्या असलेल्या मुलीला म्हणतं, तू तेवढी प्रामाणिक राहा.

"फोक्सवॅगनचं आठवतंय?" मामांनी विचारलं. "आपल्या चाकणला ज्यांचा कारखाना आहे ते."

आठवत होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की त्यांच्या डिझेल गाड्यांत एक सॉफ्टवेअर दडवलेलं आहे. चाचणी चालू आहे हे त्याला ओळखता येई आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ होई. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायच्या ठरल्या. इथली तपासणी केली ती आपल्या पुण्यातल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं. रस्त्यावर गाडी चालवून मोजलं तेव्हा काही गाड्या मर्यादेपेक्षा जास्त विषारी वायू सोडत होत्या.

"त्यात अमेरिकेत आधी तुरुंगात कोण गेलं?" मामा विचारत होते. "एक इंजिनियर. जेम्स लियांग. २०१७ मध्ये चाळीस महिन्यांची शिक्षा. आणि सगळ्यात वरच्या साहेबावर, त्या विंटरकोर्नवर, खटला उभा राहायला २०२४ उजाडलं. खोटं वरून येतं आणि शिक्षा खालून सुरू होते. मग खालच्यानं छाती काढून पुढं का व्हायचं?"

निवृत्तीनंतर मामा वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मीही तयारी करून आले होते.

"मामा, तुम्ही जपानची दैहात्सू ऐकलीये? टोयोटाच्या मालकीची, लहान गाड्या करते."

"नाव ऐकलंय."

"डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या चौकशी समितीचा अहवाल आला. सुरक्षेच्या चाचण्यांत १७४ ठिकाणी लबाडी, ६४ मॉडेलांमध्ये. सगळ्यात जुनी लबाडी १९८९ सालची. धडकेच्या चाचणीत एअरबॅग गाडीच्या सेन्सरनं उघडायची, ती यांनी टायमर लावून उघडली. जपानमधले सगळे कारखाने बंद ठेवावे लागले. आणि हे सगळं कशामुळं झालं, तर समितीनं लिहिलं, अशक्य वेळापत्रकांमुळं. हाताखालच्यांपेक्षा व्यवस्थापनाचा दोष मोठा, असंच म्हटलं."

"म्हंजे माझंच खरं झालं की."

"अर्धं. २०११ मध्ये त्यांनी एक गाडी फार कमी वेळात तयार केली, मिरा ईएस. कौतुक झालं. मग तोच कमी वेळ पुढच्या गाड्यांना लावला. वेळ पुरत नव्हता, तरी चाचणीच्या कागदावर 'उत्तीर्ण' पडत गेलं. वर बसलेल्याला कागदावर काय दिसलं? पुरतोय. मग तो पुढच्या वेळी आणखी आवळणारच. मामा, खालून जाणारी प्रत्येक खोटी खूण वरच्याला सांगते, एवढ्यात भागतंय, अजून कापा."

मामा काही बोलले नाहीत. मला जे सांगायचं होतं ते बोलता बोलताच माझ्या हाती लागत होतं. पंधरा मिनिटांत बावीस मुद्दे होत नाहीत, हे आमच्या कारखान्यात सेटरला माहीत आहे, मला माहीत आहे, सुपरवायझरला माहीत आहे. ते कागदावर मात्र कुठंच नाही. वर्षभराच्या फायली काढल्या तर सात प्रेस, बावीस मुद्दे, रोजच्या रोज, एकही चूक नाही. त्या फाइलच्या आधारानं उद्या मालक शपथेवर म्हणू शकतो, मला कुणी सांगितलंच नाही. आणि ते खरंच असेल. चौकट रिकामी ठेवली असती, तर तीच आमची तक्रार ठरली असती. वर जाऊ शकणारा आमच्याकडचा तेवढाच एक कागद आहे आणि आम्ही तो रोज स्वतःच्या हातानं फाडतो.

"दैहात्सूत समिती बसते," मामा जरा वेळानं म्हणाले. "इथं चौकट रिकामी ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात. ठेक्याचा असेल तर तेवढंही नाही, मलाच फोन येतो, हा नको, दुसरा पाठवा. आणि मी पाठवतो."

हे सांगताना त्यांनी नजर चुकवली नाही.

मी म्हणाले, "पीएमसी बँकेचं बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. एचडीआयएल या एका बांधकाम कंपनीच्या गटाला दिलेली साडेसहा हजार कोटींच्या घरातली कर्जं लपवायची होती, म्हणून ४४ कर्जखात्यांच्या जागी २१,०४९ खोटी खाती दाखवल्याचं तक्रारीत नोंदलं गेलं. हुकूम वरच्याचा असेल. पण एकवीस हजार खाती साहेब स्वतः टाइप करत बसत नाही."

"ती टाइप करणाऱ्या कारकुनाला काय म्हणणार तू? नोकरी सोड?"

याला माझ्याकडं झटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. घरात कमावतं एकच माणूस असलेल्याला 'नोकरी गेली तरी चालेल' असं सांगण्याचा हक्क कुणाला आहे, मला ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे की बँकेबाहेर रांगेत उभे राहिलेले पेन्शनर हीही कुणाचीतरी कमावती माणसं होती.

मग मामा एकदम वेगळ्याच गोष्टीकडं वळले. मला वाटतं, त्यांना ती बरेच दिवस सांगायची होती.

"पिन क्लचची प्रेस बघितलीस का कधी?"

"लहान शॉपमध्ये असतात अजून."

"तिचा पायडल दाबला की पिन फ्लायव्हीलमध्ये बसते आणि स्लाइड पूर्ण फेरा करूनच थांबते. मध्ये थांबवायची सोयच नाही. हवेच्या क्लचची प्रेस कुठंही थांबते, ब्रेक लागतो. म्हणून तिला प्रकाशाचा पडदा, तुमचा तो लाइट कर्टन, लावून उपयोग. किरण हातानं तुटला की स्लाइड जागेवर. पण पिन क्लचच्या प्रेसला सेन्सर लावला, तर तो काय करणार? दिवा लाल होईल. स्लाइड खाली येणारच. तिथं जाळीचा पक्का आडोसाच लागतो, हात आत जाताच कामा नये. पीस उचलायला चिमटा द्यायचा, मॅग्नेट द्यायचं."

"मग?"

"एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट होतं. त्यांच्या यादीत होतं, प्रत्येक प्रेसला सेन्सर. मालकानं आठ दिवसांत सगळ्यांना बसवून टाकले. त्यांत दोन पिन क्लचच्या होत्या. मी बोललो साहेबाला, की याचा उपयोग नाही. ते म्हणाले, यादीत आहे ना. ऑडिटरनं हात लावून बघितलं, दिवा लाल झाला, खूण केली. सगळे खूश." मामांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला, पण पाणी घेतलं नाही. "आधी पोरं त्या प्रेसला भ्यायची गं. चिमटा वापरायची. सेन्सर लागला, दिवा लाल होतोय हे दिसलं, आणि भीती गेली. मग हातानं पीस काढायला लागली."

मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"तिसऱ्या महिन्यात. तर्जनी आणि मधलं."

कुठंतरी एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, तेवढाच आवाज होता.

खोट्याचा परिणाम म्हणून आपण अब्रू, दंड, नोकरी एवढ्यांचाच विचार करतो. मामांनी जे सांगितलं ते त्याहून वाईट होतं. धोका उघडा होता तोवर पोरं जपून होती. कागदानं धोका झाकला आणि त्यांचं जपणंच काढून घेतलं. खोटी खूण ऑडिटरला फसवत नाही, त्याला बहुधा कळलेलं असतं. ती फसवते पुढच्या शिफ्टला येणाऱ्या माणसाला, ज्याला तपासायला वेळ नाही, शीट वाचता येईलच असं नाही, आणि ज्याचा हात आत जाणार आहे.

आणि त्या हाताचा कायद्यात दर ठरलेला आहे. कर्मचारी राज्य विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या, कायद्यात कमाईची ताकद किती गेली याचं कोष्टक आहे. अंगठा ३० टक्के. तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं २०. हे पान मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकळत स्वतःच्या बोटांकडं बघितलं होतं.

"त्या मुलाला भरपाई मिळाली?" मी विचारलं.

"मिळाली. ईएसआयचं कार्ड नंतर काढलं."

"नंतर म्हणजे अपघातानंतर?"

"हो."

हे एकट्या सणसवाडीचं नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत बोटं, हात गमावलेल्यांच्या नोंदी त्यांत आहेत. पॉवर प्रेस हे त्यांतलं मुख्य यंत्र. आणि जखमींतल्या बहुतेकांच्या हातात ईएसआयचं कार्ड पडलं ते अपघात झाल्यावर. खरं तर कामावर घेतल्यापासून दहा दिवसांत नोंद करायची असते. कामावर अपंगत्व आलं तर किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवशीचा अपघातही धरतात. दरमहा २१,००० पर्यंत पगार असलेल्याला हे लागू आहे. पगारातून कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के.

मी ते विचारलं, जे विचारायला मी आले नव्हते. "मामा, तुमच्या चाळीस पोरांत कार्ड किती जणांची आहेत?"

"बत्तीस-तेहतीस."

"बाकीच्यांची?"

"पंधरा दिवसांत पळून जातात. आधार जुळत नाही, बँकेत नाव वेगळं, आधारावर वेगळं. कुणाकुणाचं करत बसू?" मग आवाज चढला. "आणि कंपनी मला देते किती, ते बघितलंस? पंधरा हजारांच्या माणसामागं सव्वातीन टक्के म्हणजे चारशे सत्त्याऐंशी रुपये. तेवढेच सुटतात मला एका पोरामागं. माझ्या ओसरीवर बसून मलाच चोर म्हणतेस?"

"चोर म्हणाले नाही."

"मग काय म्हणालीस?"

"म्हणाले, त्या सात जणांची हजेरी तुम्ही रोज मांडता. त्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. कागदावर ती नाहीत, एवढंच."

जेवायला थांब म्हणून त्या दिवशी मामांनी आग्रह केला नाही. मी निघाले.

सोमवारी मी चौकटी रिकाम्या ठेवल्या. सगळ्या नव्हे. पंधरा मिनिटांत जेवढं होतं तेवढं केलं, प्रेसमागं दोन मुद्दे, सेन्सर आणि दोन्ही हातांची बटणं. जिथं बघितलं नाही तिथं काही लिहिलं नाही. चार नंबरच्या प्रेसला टेस्ट रॉड किरणांत धरला, स्लाइड थांबली नाही. पॅनेल उघडल्यावर वायरचा बोटभर तुकडा दिसला. तेलाच्या फवाऱ्यानं सेन्सर सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून कुणीतरी तो बायपास करून ठेवला होता. मेंटेनन्सवाल्यानं काच पुसली, तुकडा काढला, पुन्हा तपासलं. चाळीस मिनिटं गेली. तो तुकडा तिथं किती महिने होता कुणालाच सांगता आलं नाही. सप्टेंबरच्या तीस खुणांच्या काळातही असेल. माझ्या सहीखाली असेल.

मंगळवारी सकाळी शीट बघितलं तर सोमवारच्या रिकाम्या चौकटी भरलेल्या होत्या, काळ्या शाईनं. मी त्यांच्याभोवती गोल काढला, बाजूला लिहिलं, 'या मी तपासलेल्या नाहीत', खाली तारीख आणि सही. त्यावर आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग मला प्रेस शॉपमधून काढून बाहेरून येणारा कच्चा माल तपासायला बसवलं. पगार तोच. माझ्या जागी आयटीआय झालेला एक अप्रेंटिस आला.

दिवाळीच्या फराळाला मामांकडं गेले तेव्हा त्यांना हे आधीच कळलेलं होतं. या पट्ट्यात असं काही लपत नाही.

"हलवलंच ना?" ते म्हणाले. त्यात हिणवणं नव्हतं.

"हो."

"सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत. पण चार नंबरची प्रेस आता थांबते, मामा."

"आज थांबते. पुढच्या महिन्यात काच परत तेलकट होईल, परत तुकडा बसेल. तू नसशील तिथं."

ते खरं होतं आणि मी तसं म्हणाले. त्यांनी चकलीची ताटली माझ्याकडं सरकवली. आणखी तिघांची कार्डं झाली, असं सहज बोलण्याच्या ओघात सांगितलं, उरलेल्या चौघांचं आधार जुळत नाही म्हणाले. मी त्यावर काही बोलले नाही, त्यांनाही मी बोलायला नकोच होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. त्या अप्रेंटिसनं चेकशीटचा फोटो पाठवला होता. सेकंड शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. खाली लिहिलं होतं, ताई, सेटर म्हणतोय सगळं ओके टाक, मी काय लिहू?

मी मामांच्या हातात फोन दिला. त्यांनी चष्मा लावला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, एकेक रकाना खालपर्यंत वाचला. सुपरवायझर असताना ते असंच वाचत असतील.

"कुठली प्रेस?"

"सहा नंबर. हवेच्या क्लचची."

"त्याला म्हणावं, पेन खिशात ठेव," मामा म्हणाले. "आधी रॉड घेऊन जा आणि बघ."

मी तेच टाइप केलं.